वीज कोणाची? बाबासाहेबांनी १९४३ साली विचारलेले प्रश्न

१४ एप्रिल जवळ आला की आपल्या मोबाइलवर एक पोस्ट फिरू लागते. दामोदर खोरे बाबासाहेबांनी उभारले, हिराकुड त्यांनी बांधले, भाक्रा-नांगल त्यांचेच, देशातली वीज त्यांच्यामुळेच! आपण ती वाचतो, 'जयभीम' लिहून पुढे पाठवतो आणि विषय तिथेच संपतो.

या पोस्टमध्ये सत्याचा मोठा अंश आहे. पण बाबासाहेब हे धरणांच्या कोनशिलेवर नाव कोरून घेणारे पुढारी नव्हते. विजेच्या बाबतीत त्यांनी देशाला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे काही प्रश्न. त्यातल्या काही प्रश्नांना देशाने उत्तर दिले आणि त्या बळावर मोठी प्रगती केली. काही प्रश्न मात्र सोयीस्करपणे बाजूला ठेवले. आज सौर ऊर्जेच्या नावाने नवे नियोजन चालू आहे, तेव्हा तेच बाजूला ठेवलेले प्रश्न पुन्हा आपल्या वस्तीच्या तोंडाशी येऊन उभे आहेत. म्हणून हा इतिहास नीट समजून घेणे गरजेचे आहे.

१९४३ पूर्वी वीज कोणाकडे होती?

भारतात पाण्यापासून वीज तयार करण्याची सुरुवात जुनी आहे. म्हैसूर संस्थानात कावेरी नदीवर शिवनसमुद्र येथे १९०२ साली वीजकेंद्र सुरू झाले. ती वीज आधी कुठे गेली? आसपासच्या खेड्यांत नाही, तर दूरच्या कोलार येथील सोन्याच्या खाणींत. आपल्याकडे सह्याद्रीच्या पाण्यावर टाटांचे खोपोलीचे केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि त्याची वीज मुंबईच्या कापड गिरण्यांना मिळाली. पुढे भिवपुरी आणि भिरा ही केंद्रे झाली. भिऱ्यासाठी मुळशीला धरण बांधायचे ठरले तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला. सेनापती बापट त्या लढ्याचे नेते. सत्याग्रह हरला, गावे पाण्याखाली गेली आणि वीज घाट उतरून मुंबईला गेली. ज्यांची जमीन बुडाली त्यांच्या घरात मात्र चिमणीच राहिली.

मुंबईच्या ज्या गिरण्यांना ही वीज मिळत होती, त्या गिरण्यांच्या सावलीत, परळच्या बीआयटी चाळीत, बाबासाहेब वीसएक वर्षे राहिले. गिरणीत वीज आल्याने जात गेली का? नाही. जास्त मजुरी मिळणाऱ्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि त्यामुळे विटाळ होतो, हे त्याचे कारण. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला होता. यंत्र नवे आले तरी ते कोणाच्या हाती द्यायचे हे जुनी व्यवस्थाच ठरवते, हा अनुभव त्यांना पुस्तकातून घ्यावा लागला नाही.

त्या काळात विजेचा कारभार १९१० च्या कायद्याने चालत असे. सरकार परवाना देई आणि परवानेदार कंपनी आपल्या हद्दीत वीज पुरवी. मद्रास प्रांतात पायकारा, पंजाबात मंडी असे काही सरकारी जलविद्युत प्रकल्प होते, पण संपूर्ण देशाचा विचार करणारी यंत्रणा नव्हती. जिथे गिऱ्हाईक पैसे देऊ शकते तिथे तार जाई. खेडे हे गिऱ्हाईकच नव्हते. आणि खेड्याबाहेरची वस्ती तर कोणाच्या हिशेबातही नव्हती.

२५ ऑक्टोबर १९४३

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि जून १९४६ पर्यंत त्या पदावर राहिले. मजूर खात्याकडे तेव्हा खाणी, सार्वजनिक बांधकाम, पाटबंधारे आणि वीज हे विषयही होते. युद्ध संपल्यावर देशाची उभारणी कशी करायची यासाठी सरकारने समित्या नेमल्या. त्यांतल्या सार्वजनिक बांधकाम व वीज या विषयाच्या धोरण समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी या समितीपुढे त्यांनी भाषण केले.

मंत्र्यांची भाषणे आपण रोज ऐकतो. अमुक मेगावॅट, तमुक कोटी. बाबासाहेबांनी सुरुवात मेगावॅटपासून केली नाही, मालकीपासून केली. वीज खासगी मालकीची असावी की सरकारी? खासगी राहणार असेल तर लोकहित सांभाळण्यासाठी तिच्यावर कोणत्या अटी घालायच्या? जबाबदारी केंद्राची की प्रांतांची? केंद्राची असेल तर वीज स्वस्त व मुबलक मिळावी आणि साधनांची नासाडी टळावी यासाठी कारभाराची कोणती पद्धत चांगली? प्रांतांची असेल तर त्यांच्यात समन्वय कोण करणार?

आणि या सगळ्याच्या मुळाशी त्यांनी आणखी एक प्रश्न ठेवला: वीज हवीच कशाला? त्यांचे उत्तर स्पष्ट होते. वीज हवी औद्योगिकीकरणासाठी, आणि औद्योगिकीकरण हवे ते पिढ्यान्‌पिढ्या दारिद्र्याच्या चक्रात अडकलेल्या माणसाला बाहेर काढण्यासाठी. वीज हे साधन आहे, माणूस हे साध्य आहे. म्हणूनच ते 'मुबलक' या शब्दासोबत 'स्वस्त' हा शब्द सोडत नव्हते. महाग वीज कितीही तयार झाली तरी ती गरिबाच्या उपयोगाची नाही.

हा विचार त्यांना त्या दिवशी अचानक सुचलेला नव्हता. १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर लिहिलेल्या निबंधात त्यांनी दाखवून दिले होते की शेतीचा खरा रोग तुकडे हा नसून जमिनीवर पडणारा माणसांचा भार हा आहे, आणि उपाय उद्योगधंद्यांची वाढ हा आहे. दलितांच्या दृष्टीने याला दुसराही अर्थ होता. गावात राहिलो तर बलुते, महारकी आणि वेठ. गावाच्या बाहेर दुसरे काम मिळाले तरच माणूस म्हणून उभे राहता येते. तेव्हा स्वस्त वीज हा बाबासाहेबांसाठी केवळ अर्थशास्त्राचा विषय नव्हता. तो जातीच्या गावगाड्यातून सुटण्याचा एक रस्ता होता.

दामोदरचा पूर आणि नियोजनाची नवी दिशा

त्याच वर्षी जुलैमध्ये दामोदर नदीने बंगालात बांध फोडला होता. बर्दवान जिल्ह्यात पाणी घुसले, रेल्वे आणि ग्रँड ट्रंक रस्ता तुटला, युद्धाच्या ऐन धामधुमीत कलकत्ता देशाच्या इतर भागापासून तुटले. नदीला बांध घालायचे, बांध फुटला की पुन्हा घालायचे, ही जुनी पद्धत होती. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात केंद्र, बंगाल आणि बिहार यांची परिषद झाली. दामोदर हा केवळ पुराचा प्रश्न समजू नये. पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांचा एकत्र विचार व्हावा, ही भूमिका बाबासाहेबांनी तिथे मांडली. अमेरिकेत १९३३ साली स्थापन झालेले टेनेसी खोरे प्राधिकरण हा नमुना डोळ्यांसमोर होता. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकच्या परिषदेत ओडिशाच्या नद्यांबद्दल बोलताना त्यांनी आणखी पुढे जाऊन सांगितले की पाणी जास्त आहे हे संकट नाही. माणसाचे हाल पाण्याच्या अभावाने अधिक होतात. म्हणून पाणी समुद्रात ढकलायचे नाही, साठवायचे.

याच काळात केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आणि केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग या दोन संस्था मजूर खात्याखाली उभ्या राहिल्या. दुसऱ्या संस्थेलाच आज आपण केंद्रीय जल आयोग म्हणून ओळखतो.

इथे आपण प्रामाणिक राहिले पाहिजे. हे एकट्या बाबासाहेबांनी केले असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. आयोगाचे पहिले अध्यक्ष अ. ना. खोसला होते. दामोदरचा पहिला आराखडा टेनेसीत काम केलेले अभियंते वूर्दुईन यांनी ऑगस्ट १९४५ मध्ये दिला. त्याआधी शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांनी या प्रश्नावर मोठी जागृती केली होती. पण ही सगळी माणसे आणि प्रांत एका टेबलाभोवती बसवून धोरणाची दिशा ठरवणारा मंत्री कोण होता, हे पाठ्यपुस्तके सांगत नाहीत. आपली तक्रार त्या मौनाबद्दल आहे. मौनाला उत्तर म्हणून आपण अतिशयोक्ती केली तर आपलाच दावा दुबळा होतो.

देशाने काय केले?

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशाची वीजनिर्मिती क्षमता सुमारे १,३६२ मेगावॅट होती. जेमतेम १,५०० खेड्यांत वीज पोहोचली होती. १९४८ साली दोन महत्त्वाचे कायदे झाले. दामोदर खोरे महामंडळाचा कायदा आणि वीज पुरवठा कायदा. वीज खाते तेव्हा काकासाहेब गाडगीळांकडे होते. वीज पुरवठा कायद्याने राज्य वीज मंडळांची तरतूद केली. म्हणजे मालकीच्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी 'सार्वजनिक' असे दिले गेले. मार्च १९४७ मध्ये संविधान सभेला सादर केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असा आग्रह धरला होता, त्याच्याशी हे जुळणारे होते. घटनेत वीज समवर्ती सूचीत राहिली, केंद्र आणि राज्य दोघांची.

समन्वयाच्या प्रश्नाला मात्र फार वेळ लागला. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेची ग्रिड उर्वरित देशाच्या ग्रिडला जोडली गेली, तेव्हा कुठे देशभर एकच ग्रिड झाली. १९४३ च्या भाषणानंतर सत्तर वर्षांनी!

ही प्रगती लहान नाही. ती नाकारण्याचे कारण नाही. पण आता राहिलेल्या बाजूकडे वळू.

६ डिसेंबर १९५९

दामोदर प्रकल्पाच्या चार मोठ्या धरणांपैकी शेवटचे पंचेत. त्याचे उद्‌घाटन ६ डिसेंबर १९५९ रोजी झाले. तारीख लक्षात घ्या. त्या दिवशी बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला बरोबर तीन वर्षे झाली होती. पंतप्रधान नेहरूंनी कळ स्वतः न दाबता धरणावर काम करणाऱ्या बुधनी या संथाळ मुलीच्या हाताने दाबायला लावली. फोटो छापून आले. समारंभात तिने नेहरूंना हार घातला म्हणून तिचे परपुरुषाशी लग्न झाले असे ठरवून समाजाने तिला बाहेर काढले. काही वर्षांत महामंडळातले कामही गेले. जिच्या हाताने वीज सुरू झाली तिच्या आयुष्यात उजेड पडला नाही.

ही गोष्ट एका मुलीची नाही. दामोदर असो की आपले कोयना, पाण्याखाली गेलेली घरे आदिवासींची, कुळांची, भूमिहीनांची होती. ज्याच्या नावावर सातबारा होता त्याला थोडाफार मोबदला मिळाला. ज्याच्या नावावर काहीच नव्हते त्याला मोबदला कशाचा देणार? मालकीचा प्रश्न वीजकेंद्रापुरता सोडवला गेला, पण जमिनीच्या मालकीला हात लागला नाही. आणि ज्या महामंडळाची सुरुवात नदीच्या पाण्यापासून झाली, त्याची जलविद्युत क्षमता आज दीडशे मेगावॅटच्याही आत आहे आणि कोळशावरची सहा हजार मेगावॅटहून जास्त.

'विद्युतीकरण झालेले गाव' म्हणजे काय?

दुसरी बाजू त्याहून सूक्ष्म आहे. गावाचे विद्युतीकरण झाले असे सरकार कधी म्हणत असे? १९९७ पर्यंतची व्याख्या अशी होती की गावाच्या महसुली हद्दीत कुठेही, कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली की गाव विद्युतीकृत. म्हणजे पाटलाच्या मळ्यातल्या विहिरीवर एक मोटर बसली की सगळे गाव उजळले, कागदावर! १९९७ साली 'वस्तीच्या भागात' एवढी भर पडली. २००४ च्या व्याख्येत पहिल्यांदा लिहिले गेले की रोहित्र आणि वाहिन्या गावठाणासोबत दलित वस्तीतही असल्या पाहिजेत, शाळा-पंचायत-दवाखान्यात वीज असली पाहिजे आणि किमान १० टक्के घरांत जोडणी असली पाहिजे.

विचार करा. स्वातंत्र्यानंतर ५७ वर्षांनी सरकारच्या कागदात 'दलित वस्ती' हा शब्द लिहावा लागला. का लिहावा लागला? कारण तार गावात येऊन वेशीवर थांबत होती, हे नियोजनकारांनाही दिसत होते. आणि तरीही दोनशे घरांच्या गावात वीस घरांत दिवा लागला की पुरे. वस्तीतल्या चाळीस घरांपैकी एकाही घरात जोडणी नसली तरी व्याख्या पूर्ण होत होती.

आमच्या गावात मी लहानपणी हेच पाहिले. देवळापर्यंत खांब होते. त्यापुढे ओढा आणि ओढ्यापलीकडे आम्ही. ओढा ओलांडायला विजेला बरीच वर्षे लागली. तोवर कोणी आकडा टाकला की 'वीजचोर' म्हणून नाव आमचेच घेतले जाई. गावातली किती मीटरे बंद पडलेली होती, हे कोणी मोजले नाही.

एप्रिल २०१८ मध्ये मणिपूरमधल्या लाइसांग गावात वीज पोहोचली आणि देशातले शेवटचे गाव उजळल्याची घोषणा झाली. सौभाग्य योजनेने घरोघर जोडण्याही दिल्या. पण जोडणी म्हणजे वीज नव्हे. मजुरी बंद असलेल्या महिन्यात बिल थकते, मीटर काढून नेतात, आणि तरीही ते घर आकडेवारीत 'विद्युतीकृत'च राहते. 'स्वस्त' हा बाबासाहेबांचा शब्द व्याख्येत कधी आलाच नाही.

सौर ऊर्जा: प्रश्न जुनेच

आता सूर्याकडे येऊ. २०१७ साली राजस्थानातल्या भडला येथील लिलावात सौर विजेचा दर युनिटला २ रुपये ४४ पैशांपर्यंत उतरला. तंत्रज्ञानाने 'स्वस्त' हा प्रश्न निर्मितीच्या टोकाला जवळजवळ सोडवला. आपल्या घरचे बिल काढा, स्थिर आकारासह युनिटला काय पडते ते बघा आणि हा दर शेजारी ठेवा. मधला फरक कुठे जातो, हे विचारणे म्हणजेच १९४३ चा प्रश्न पुन्हा विचारणे.

मालकीचे बघा. घराच्या छतावर सौर पॅनल बसवायला २०२४ च्या केंद्राच्या योजनेत ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. पण छत पाहिजे. अतिक्रमणाच्या जागेवर पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याकडे नमुना आठचा उतारा नाही, पॅनल पेलेल असे छत नाही. सौर कृषीपंपाला अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला १० ऐवजी ५ टक्केच हिस्सा भरावा लागतो, ही चांगली गोष्ट. पण त्यासाठी सातबारा आणि विहीर किंवा बोअर लागतो. बहुसंख्य दलित भूमिहीन. सवलत आहे, सवलत घेण्याची पात्रता नाही.

आणि जमिनीचे बघा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ मिळते. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हा या योजनेचा हेतू रास्त आहे, त्याला विरोध करण्याचे कारण नाही. पण योजनेसाठी सरकारी आणि गायरान जमिनीही दिल्या जातात. गायरान म्हणजे कोणाची जमीन? दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारो माणसे तुरुंगात गेली. त्या लढ्याच्या परंपरेतून १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय झाला. त्या निर्णयाची पूर्ण अंमलबजावणी आजही झालेली नाही. कसणाऱ्याच्या नावावर उतारा नाही, म्हणून कागदावर जमीन 'रिकामी'. रिकामी म्हणून ती प्रकल्पाला. खासगी जमीनमालकाला लाखाचे भाडे आणि गायरान कसणाऱ्याला नोटीस! मुळशी, दामोदर, कोयना आणि आता हे. पाण्याच्या जागी ऊन आले, बाकी हिशेब तोच.

मग मागणी काय?

सौर ऊर्जेला विरोध ही आपली भूमिका असू शकत नाही. स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरणाऱ्या माणसाचे आपण वारस आहोत. आपली मागणी नियोजनाच्या आत शिरण्याची आहे.

एक, विद्युतीकरणाची मोजणी गावाची नको. वस्तीनिहाय, घरनिहाय, दिवसाला किती तास वीज आणि किती घरांची बिलापायी तोडली, अशी मोजणी जाहीर व्हावी. दोन, गायरानावर सौर प्रकल्प आणण्याआधी तिथल्या कसणाऱ्यांचे दावे निकाली काढावेत, आणि प्रकल्प झालाच तर भाड्यावर पहिला हक्क त्यांचा असावा. तीन, ज्यांच्याकडे छत नाही त्यांच्यासाठी वस्तीचा सामायिक सौर प्रकल्प अनुसूचित जाती उपयोजनेच्या निधीतून उभा राहावा, मालकी वस्तीच्या सहकारी संस्थेची असावी आणि तयार झालेले युनिट घराच्या बिलातून वजा व्हावे.

या मागण्या घेऊन ग्रामसभेत उभे राहायचे आहे, वीज नियामक आयोगाच्या दरवाढीच्या सुनावणीत हरकत नोंदवायची आहे. ती सुनावणी जाहीर असते, कोणालाही जाता येते. आपण तिथे नसतो, उद्योगांचे वकील असतात.

येत्या १४ एप्रिलला ती पोस्ट जरूर पुढे पाठवा. पण पाठवताना तिच्याखाली एक प्रश्न लिहा: आपल्या वस्तीत दिवा किती घरांत आहे, आणि गावाजवळच्या गायरानावर पॅनल कोणाचे आहेत?

जयभीम!